नळीकाकांची दोन बोटं

नळीकाकांनी कुणाला धड नमस्कार केल्याचं मला आठवत नाही. समोरच्याचे हात जोडले जायच्या आत ते मनगट पकडत. संक्रांतीलासुद्धा आधी मनगट, मग तिळगूळ. आमच्या लश्कर शहरात, जयेंद्रगंज पेठेत त्यांचा दवाखाना होता. पाटीवर चांगलं भारदस्त नाव होतं, पण अख्खं लश्कर त्यांना नळीवाले डॉक्टरच म्हणे. बाबांचे ते शाळेपासूनचे मित्र.

नाडीचे ठोके मोजून त्यांचं समाधान होत नसे. ती ज्या नळीतून वाहते, ती नळी ते तपासत. वरच्या बोटानं दाबून रक्त अडवायचं आणि खालचं बोट रिकाम्या नळीवरून फिरवायचं. "चांगली नळी रिकामी झाली की बोटाला लागत नाही," ते सांगत. "लागली, तर समज कडक झाली." मग दंडाला पट्टा आवळून ठेवत, एकदम सोडत आणि तळहात किती लवकर लाल होतो ते पाहत. "नळीला आतून अस्तर असतं. ते जागं असलं, तर रक्ताला वाट मोठी करून देतं. पुस्तकात नाही हे, माझं मत आहे." लोक हसायचे. परवा सिटी सेंटर भागातल्या नव्या इस्पितळात माझ्या दंडाला असाच पट्टा आवळला, सोडला, यंत्रात नळी किती फुलते ते पाहिलं, आणि तिथली बाई मला म्हणते, "नई जाँच है, माताजी!" माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

बाबांची नळी सुतळीसारखी लागायची. काकांनी त्यांचं मीठ तोडलं. आई अळणी वरण करू लागली, आणि आमच्याकडे जेवायला बसले की काकाही तेच खात. "मित्राला एकट्याला शिक्षा नको," म्हणत. हळूहळू बाबांचं प्रेशर उतरलं.

तेवढ्यात राज्यांची पुनर्रचना झाली. आमचं संस्थान आधीच मध्यभारतात विरलं होतं. आता मध्यभारतही गेला आणि बाबांचं दफ्तर भोपाळला हललं. या माणसाला ती ओढाताण झेपणार नाही, याला इथंच एखादं काम द्या, हे सांगायला काका बाबांना घेऊन सरकारी नोकरांची प्रकृती तपासणाऱ्या मोठ्या साहेबांकडे गेले. मीही बरोबर होते. साहेब स्वतः डॉक्टर. त्यांनी प्रेशरचं यंत्र लावलं.

"बिलकुल नॉर्मल है, डाक्टर साहब. और क्या चाहिए?"

"प्रेशर तो मैंने उतारा है! साइकिल की ट्यूब से हवा निकाल दो, तो ट्यूब नई हो जाती है क्या? ज़रा हाथ लगाकर देखिए."

साहेबांनी हात लावला नाही. बाबांचं मनगट त्यांच्यापासून वीतभर अंतरावर टेबलावर पडलं होतं, तरी लावला नाही. बाबा फिट ठरले. ज्या पथ्यानं ते जगत होते, तेच पथ्य त्यांच्यावर उलटवलं त्या माणसानं.

भोपाळच्या खाणावळीत अळणी कोण रांधणार? पहिल्याच उन्हाळ्यात बाबा दफ्तरात खुर्चीवरून कोसळले. आम्ही पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेरावं झाल्यावर साहेब सांत्वनाला आले. त्यांनी हात जोडले आणि काकांनी सवयीनं त्यांचं मनगट पकडलं. आता काका या माणसाला चांगलं फैलावर घेणार, म्हणून मी पुढं सरकून उभी राहिले. काका कितीतरी वेळ बोट फिरवत होते.

"साहब, आपकी भी नली कड़ी हो गई है. नमक आज से बंद. और काम कम कीजिए."

साहेबांनी ते मुकाट्यानं ऐकलं आणि पुढं पाळलंही. चांगले पेन्शन खाऊन, नातवंडं खेळवून गेले. बाबांना मात्र माझं लग्नही बघायला मिळालं नाही.

साहेबांची पाठ वळताच मी काकांवर ओरडले, "त्यांना कशाला सांगितलंत? मरू द्यायचं होतं!"

"नळी कुणाची आहे ते बोटांना कळत नाही गं," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

त्यांच्या बोटांना कळत नसेल. मला कळत होतं, आजही कळतं. त्या दिवशी आईनं त्यांना जेवायला थांबवलं. पान मी वाढलं, आणि रागाच्या भरात सगळ्यांत आधी मूठभर मीठ वाढलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते मीठ एका बोटानं पानाच्या कडेला सारलं आणि वरणभात अळणीच कालवला.