न मेलेल्या माश्या

माश्यांच्या खोलीतले किस्से मी कधी जमवायला गेलो नाही. कुणी उसातल्या किडीचं नाव काढलं की एक आठवतो, आणि त्याचं बोट धरून दुसरा येतो.

लढाई नुकतीच संपली होती. इस्लामपूरजवळ उसाच्या एका शेतावर आमची खोली होती. धान्यातल्या पतंगांची अंडी आम्ही डिंकानं कागदाच्या पट्टीवर चिकटवायचो. त्यांत तिळाहून बारीक माशी आपली अंडी घालायची. ती पट्टी उसात बांधायची. तिथं निघालेली माशी खोडकिड्याच्या अंड्यांतही तेच करी, आणि कीड जन्मायच्या आतच संपे. मी डिंक शिजवायचो, झाडलोट करायचो.

*

कोरेगावकडचा एक शेतकरी पट्टी न्यायला आला. म्हणाला, "हिला खायला काय घालू?"

अंडी चाळणाऱ्या यशोदाबाई म्हणाल्या, "तुमी तुमचं जेवा, दादा. ती तिचं बघती."

*

याच यशोदाबाई एकदा शिंकल्या आणि सकाळभराची अंडी उडाली. तेव्हापासून तोंडाला पदर बांधून बसायच्या. एकानं दारातूनच पाहिलं आणि विचारलं, "बाईस्नी देवी आल्यात व्हय?" उत्तराला थांबला नाही. त्याची पट्टी तशीच राहिली.

*

हिंदुराव हवालदार ब्रह्मदेशातून परतलेले, आमचे राखणदार. घर शेजारच्याच गावात, पण जायचे ते उंबऱ्यावरूनच परत फिरायचे; खाट आमच्या दारात. डीडीटीवर त्यांचा फार जीव. "पलटणीत सदऱ्यात टाकायचो. उवा गेल्या."

मुंग्या चढू नयेत म्हणून मांडणीचे पाय पाण्याच्या वाट्यांत असायचे. उन्हाळ्यात वाट्या आटल्या, मुंग्या अंड्यांवर आल्या. खोली चालवणारे साहेब साताऱ्याला गेलेले. हवालदारांनी मायेनं मांडणीच्या पायांभोवती डीडीटीची पावडर भुरभुरली.

"बगा, मुंगी गेली, माशी ऱ्हायली," ते यशोदाबाईंना म्हणाले. खरंच, माश्या मेल्या नव्हत्या.

*

माशीनं काम केलं की पट्टीवरचं अंडं काळं पडतं. आमची पांढरीच राहिली. साहेबांनी भिंग लावलं, मग मलाही दाखवलं. माशी अंड्यावर चढायची, चाचपायची आणि उतरून जायची.

"काय इसरल्यात वं त्या?" यशोदाबाईंनी विचारलं.

साहेबांनी मांडणीखालची पावडर बोटावर घेऊन पाहिली. हवालदारांनी एकट्यानं सगळी खोली धुतली. त्या दिवशी त्यांची भाकरी फडक्यातच राहिली.

*

पुढं तीच पावडर उसावर मारायचं वरून ठरलं. आमच्या पट्ट्या असलेल्या फडांत तरी नको, असं साहेबांनी परोपरीनं विनवलं होतं. पावडर आली आणि खोलीला कुलूप लागलं. यशोदाबाईंनी चाळणी घरी नेली, पिठाला. ती खोली आणखी थोडी चालायला हवी होती, असं अजून वाटतं.

*

हे ठरायच्या आधी पुण्याचे एक अधिकारी बघायला आले होते. सगळं त्यांच्या शब्दावर होतं. साहेबांनी पावडरीजवळ ठेवलेल्या माश्या भिंगाखाली धरल्या. अधिकाऱ्यांनी बराच वेळ पाहिलं.

"मेल्या कुठं आहेत? चांगल्या चालताहेत की. मग पावडरीनं बिघडलं काय?"

दारातले हवालदार दोन पावलं आत आले.

"साहेब," ते हळूच अधिकाऱ्यांना म्हणाले, "मीबी बर्मातनं चांगला चालतच आलोय."