चाळीवरचा फ्लेक्स

निवृत्तीनंतर बहुतेक गुन्हे डोक्यातून निघून गेले. हा मात्र गेला नाही, आणि जावा असं मलाही वाटत नाही.

मी तेव्हा निफाड तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. एके सकाळी हजेरी चालू असताना पन्नाशीची एक बाई सरळ माझ्या केबिनमध्ये आली. ठाणे अंमलदार मागून ओरडत होता, पण तिनं ढुंकून पाहिलं नाही. तिनं टेबलावर मोबाईल ठेवला आणि म्हणाली, "साहेब, हे माझं पोरगं बघा."

व्हिडिओत विशीतला एक मुलगा लष्करी गणवेशात होता. मागं बर्फ. तो दबक्या आवाजात सांगत होता, "आई, इथं गोदाम नाय. मला बंदूक दिली. पुढच्या आठवड्यात लढाईला नेणार हायेत. काहीतरी कर."

बाई विधवा. थोडी शेती, उन्हाळ कांदा, हा एकुलता एक मुलगा. गावाकडच्याच एका एजंटानं त्याला परदेशात गोदामात नोकरी लावतो म्हणून पाठवलं होतं. तिथं उतरल्यावर परक्या भाषेतल्या कागदांवर सह्या घेतल्या आणि पोरगा दुसऱ्याच देशाच्या युद्धात शिपाई झाला. या माऊलीनं कलेक्टर कचेरी केली, पुढाऱ्यांचे बंगले केले. सगळीकडे एकच उत्तर, त्यानं स्वतः सही केली आहे. शेवटी दिल्लीतल्या एका भल्या अधिकाऱ्यानं फोनवर सांगितलं, "मुलाला फसवून नेलं हे पोलीस तपासात दिसलं, तर वकिलातीमार्फत जोर लावता येईल."

मी लगेच फिर्याद घेतली. पण एजंट गायब होता. कार्यालयाला कुलूप, फोन बंद. बाई रोज एसटीनं येऊन ठाण्यातल्या बाकावर बसायची. नुसती बसायची, आणि त्यानं माझा जीव जास्त टांगणीला लागायचा.

बातमी लासलगावहून आली. बाजार समितीच्या आवारात चहा विकणारा एक जण आमचा जुना खबऱ्या. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही शोधताय तो गॉगलवाला एजंट परत पोरं गोळा करतोय. उद्या लिलाव सुटल्यावर येणार हाय." साध्या कपड्यातले दोन हवालदार कांद्याच्या ट्रॅक्टरच्या आडोशाला उभे राहिले आणि त्याला अलगद उचलून आणलं.

माणूस मोठा रुबाबदार. केस चोपडलेले, बोटात अंगठ्या, पोलीस ठाण्यातही गॉगल कपाळावर.

"या पोराला ओळखतोस?"

"नाय साहेब. कधी पाह्यलाच नाय."

"याची आई सांगते, तूच पाठवलंस."

"आई हाय, कुणाचंबी नाव घेईल. पोरं आपल्या मर्जीनं मिलिटरीत जात्यात, पगार बरा असतोय."

मोबाईल त्यानं नवा घेतला होता, त्यात काही नव्हतं. व्यवहार सगळा तोंडी. मी विषय सोडून दिला आणि चहा मागवला. आरडाओरडा केला की माणूस गप्प होतो, चहा पाजला की बोलतो, हा माझा नेहमीचा अनुभव. गडी खुलला. "आपल्याला तालुक्यात कोण ओळखत नाय? आपल्याशिवाय कुठला कार्यक्रम हुतो का?" असं सांगत सुटला. ते ऐकताना माझ्या डोक्यात एकदम काहीतरी हललं. आमच्याकडं पोराला नोकरी लागली, म्हैस स्पर्धेत पहिली आली, पुढाऱ्याचा वाढदिवस आला, की चौकात फ्लेक्स लागतोच.

मी बाहेर बाकावर बसलेल्या बाईंकडं गेलो. "मुलगा निघाला तेव्हा गावात फ्लेक्स लावला होता का?"

"लावला व्हता ना, साहेब. हा मोठा."

"कुणी?"

"त्यानंच. आतमधी बसलाय त्यानं."

"आता कुठं आहे?"

बाई जरा ओशाळली. "कांद्याच्या चाळीवर. पावसाचं झाकायला घेतला."

आम्ही पंच घेऊन तिच्या मळ्यात गेलो. कांदा साठवायच्या चाळीवर फ्लेक्स पालथा टाकून दोरीनं बांधला होता. हवालदारांनी तो उतरवून सुलटा केला. मधोमध तिचा मुलगा, कोट घातलेला, लाजलेला. शेजारी त्याच्यापेक्षा मोठा, गॉगल लावलेला आमचा एजंट. खाली ठळक अक्षरांत, 'आमच्या मार्गदर्शनाखाली परदेशात गोदाम सुपरवायझरपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!'

मला इतका आनंद झाला की पंचांसमोर हसू आवरेना. पंचनामा केला. फ्लेक्स जप्त करताना मात्र उघड्या पडलेल्या कांद्याकडं पाहून मी घुटमळलो. आभाळ भरलेलं होतं. बाई म्हणाली, "न्या साहेब. कांदा सडू द्या. पोरगं येऊ द्या."

तो फ्लेक्स मी ठाण्याच्या आवारात पसरला आणि एजंटला दाखवला. त्यानं स्वतःचाच फोटो पाहिला. मग कपाळावरचा गॉगल काढून खिशात ठेवला आणि खाली बसला. दिल्लीतला दलाल, इथून गेलेली बाकीची मुलं, सगळं बाहेर आलं. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, म्हणून फ्लेक्स छापणाऱ्याचा जबाब नोंदवला. मजकूर आणि फोटो एजंटनं पाठवल्याचे मेसेज त्याच्याकडं जसेच्या तसे होते. पोलीस अधीक्षकांमार्फत अहवाल दिल्लीला गेला.

त्यानंतर फक्त वाट पाहणं उरलं. मुलाचा फोन बंद झाला. बाईंचा बराच कांदा भिजून गेला, पण ती कांद्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. मी तिला धीर द्यायचो. एका दुपारी दिल्लीहून फोन आला की मुलाला आघाडीवरून मागं आणलंय, सोडताहेत. मी ती बातमी सांगितली तेव्हा बाई बाकावरून उठली, पुन्हा बसली आणि लहान मुलासारखी रडली. आमची महिला हवालदारही तिच्यासोबत रडली.

पुढच्या कांदा काढणीच्या दिवसांत ती मुलाला घेऊन ठाण्यात आली. पोरगा वाळला होता, किंचित लंगडत होता, पण हसत होता. पेढे ठेवले, पाया पडायला लागले तेव्हा मी दोघांनाही थांबवलं. बाई जाता जाता दारात घोटाळली.

"साहेब, तेवढा फ्लेक्स कधी मिळंल?"

"मुद्देमाल आहे तो. कोर्टाच्या हुकमाशिवाय देता येत नाही."

"मंग मी चाळीवर काय टाकू?"

मी खो खो हसलो. वर्षभर या बाईला पोराशिवाय काही सुचत नव्हतं. आता तिला कांद्याची काळजी लागली होती. पोलिसाच्या नोकरीत गुन्हा उघड झाल्याचं समाधान मिळतं, पण माणसाचा संसार पुन्हा मार्गाला लागलेला पाहायला क्वचितच मिळतो. आपण कलमं आणि पंचनामे ज्यासाठी करतो ते हेच, हे मला त्या दिवशी दारात उभ्या असलेल्या त्या बाईनं शिकवलं.

मुलगा म्हणाला, "आई, गाववाले स्वागताचा फ्लेक्स लावणारेत की."

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "सांगितलंय त्यास्नी, फोटो एकट्या माझ्या पोराचा टाका, आन माप चाळीचं घ्या."