विहिणीसमोर विचारलेला प्रश्न

बावीस वर्षं जखमा बांधून सिस्टरचे हात सरावले होते. पण या नव्या कागदाने तिच्या नाकी नऊ आणले. येणाऱ्या प्रत्येक पेशंटला विचारायचं, घरी जेवणाखाण्याची, राहण्याची, दवाखान्यात येण्याजाण्याची अडचण आहे का? मदत हवी का? महिनाभर रांगेतल्या झाडून सगळ्यांनी एकच पाढा म्हटला, "काही नको, सगळं व्यवस्थित."

"कोणालाच नको, तर पेशंट आणायची गाडी तरी कशाला?" डॉक्टर म्हणाले. "शुक्रवारपासून बंद करू."

आणि इकडे शिवणकाम करणाऱ्या मावशींच्या पायाचा अंगठा काळा पडत चाललेला. पट्टी दर तिसऱ्या दिवशी बदलायची, तर मावशी आठवड्याने उगवायच्या. आजही तेच. पट्टी सोडवता सोडवता सिस्टर कडाडली, "अंगठा कापायची वेळ आणणार तुम्ही, मावशी! वेळेवर का येत नाही?"

"येणार कशी? चालत येते बाई. वाटेत दोनदा टेकते, मग उठवत नाही."

"अहो, मग बाहेर विचारलं तेव्हा 'काही नको' का म्हणालात?"

"बाकावर शेजारी कोण होतं? माझी विहीण! तिच्यासमोर सांगू, की मला आणायला घरात कोणी नाही? माझ्या लेकीला जन्मभर ऐकवेल ती."

सिस्टरने कपाळाला हात लावला. महिनाभर ती भाजीवालीसारखी ओरडून लोकांच्या घरची दुखणी विचारत होती!

तिने कागद आत आणला, पडदा ओढला आणि एकेकाला पट्टी बांधताना, प्रेशर बघताना हळूच विचारलं. दुपारपर्यंत अकरा जण हो म्हणाले. त्यांत विहीणबाईही. "गाडी चालेल गं, पण आमच्या विहिणीला कळू देऊ नकोस."

सिस्टरने कपाटावरच्या देवाच्या तसबिरीकडे पाहिलं. "आता तूच बघ रे बाबा."

अकरा नावं पाहून डॉक्टरांनी गाडी ठेवली. पण फेरी एकच. शुक्रवारी सिस्टर स्वतः गाडीबरोबर गेली. मावशी दारातून लंगडत आल्या, आत विहीण दिसली आणि जागच्या जागी वळल्या.

"मी येते मागाहून. चालत."

"मावशी, अंगठा हवाय की तोरा?" सिस्टरचा आवाज चढला.

मावशी थबकल्या. आतून विहीणबाई सरकल्या. "या ना. मी आपली तुम्हाला सोबत म्हणून आलेय."

"अगंबाई, मीही तुमच्यासाठीच निघाले होते!" म्हणत मावशी कण्हत आत चढल्या.

सिस्टरने दार असं आपटलं, की ड्रायव्हर दचकला.