दोन मिलिमीटर

शीळफाट्याजवळचा तो अपघात मी आजही विसरू शकलेलो नाही. भर दुपार होती. रस्ता सरळ, कोरडा, मोकळा. डोंबिवलीहून ठाण्याकडे निघालेल्या एका गाडीचं पुढचं डावं चाक निखळलं, गाडी दुभाजकावर आदळली आणि चालवणारी बाई जागीच गेली. ती कॉलेजात शिकवायची. मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो.

पंचनाम्याच्या वेळी निखळलेलं चाक सापडेना. शेवटी बरंच पुढे, एका बंद गाळ्याच्या भिंतीला टेकून उभं दिसलं. कोणीतरी नीट लावून ठेवावं तसं. तिथे चहा विकणाऱ्या मावशींनी ते जाताना पाहिलं होतं. त्या म्हणाल्या, "आवाजच नाही केला, साहेब. माणूस घरी जातो तसं गेलं आणि उभं राहिलं." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मागचं पण असंच गेलेलं."

मागचं म्हणजे आठ-नऊ महिन्यांपूर्वीचं. तोच पट्टा, गाडी वेगळ्या कंपनीची, पण चाक तेच, पुढचं डावं. त्यात वर्तकनगरचे बँकेत नोकरी करणारे एक गृहस्थ गेले होते. या दुसऱ्या मृत्यूनंतर रिक्षावाले त्या जागेवरून हात जोडून जाऊ लागले. मी असल्या गोष्टी मानत नाही. तरी त्या दिवशी पोलीस ठाण्यात परतताना जीपच्या आरशात दोनदा मागे पाहिलं, हे कबूल करतो.

तिसऱ्या दिवशी आमचे मुद्देमालाचे हवालदार केबिनमध्ये आले. जप्त केलेल्या वस्तू आणि गाड्या त्यांच्या ताब्यात असत. कोकणातला माणूस, मोजकं बोलणारा. बसा म्हटलं तरी बसेनात. म्हणाले, त्या निखळलेल्या चाकाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगात गुन्ह्याचा नंबर लिहिलेला आहे. मी म्हटलं, मग तुम्हीच लिहिला असेल.

"अक्षर माझंच आहे, साहेब," ते म्हणाले. "पण या गाडीला मी अजून हात लावलेला नाही."

आम्ही ठाण्यामागच्या आवारात गेलो. मी उकिडवा बसून चाकाच्या आत पाहिलं. नंबर मागच्या अपघाताचा होता. मी तो पुन्हा एकदा वाचला. ज्या चाकाने एक माणूस गेला, तेच चाक दुसऱ्या गाडीला लागून, दुसरा माणूस घेऊन आमच्याच आवारात परत आलं होतं.

भूत असो वा नसो, चाक तिथून इथवर कोणीतरी आणलेलं असणारच. पहिली गाडी कोर्टाच्या आदेशाने घरच्यांना परत दिली होती. त्यांनी ती भंगारात काढली. भंगारवाल्याने सांगितलं, चारही चाकं कल्याणच्या एका दुकानदाराने उचलली, तो मॅग व्हील, म्हणजे मिश्रधातूची शोभेची चाकं, बसवून देतो. बँकवाल्या गृहस्थांनीही ती चाकं त्याच्याचकडून घेतली होती. म्हणजे विकलेला माल फिरून त्याच्याकडे आला आणि त्याने तो कॉलेजातल्या बाईंना पुन्हा विकला.

त्याला बोलावण्याआधी मी परिवहन खात्यातल्या मोटार वाहन निरीक्षकांना चाक दाखवलं. त्यांनी कॅलिपर लावून मोजलं आणि मला समजेल असं सांगितलं. चाकाच्या मधल्या भोकाभोवती बोल्टची भोकं असतात. ती ज्या वर्तुळावर पाडलेली असतात, त्याचा व्यास प्रत्येक गाडीला एकच नसतो. चार भोकांचं चाक असेल, तर समोरासमोरच्या भोकांचं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजायचं. दोन्ही गाड्यांना हे अंतर शंभर मिलिमीटर लागत होतं. चाकाचं अठ्ठ्याण्णव भरलं.

मी विचारलं, मग बसलं कसं? ते म्हणाले, जोर लावला की नट फिरतो, आवळलाही जातो, पण तिरका बसतो. गाडी धावेल तसा रोज थोडा थोडा सुटत राहतो. त्यातून त्या पट्ट्यात रस्ता उखडलेला, गाडी सतत हादरते. सुटायला आलेलं चाक तिथेच सुटणार.

दुकानदार पन्नाशीचा, शांत, अदबीने बोलणारा. दोन तास एकच उत्तर देत राहिला, चाकं बसली होती, मी स्वतः बसवली. मी हवालदारांना सांगून ते चाक आणून त्याच्यासमोर ठेवलं, नंबरची बाजू त्याच्याकडे करून. नंतर मी काहीच विचारलं नाही. माझी दुसरी कागदपत्रं बघत बसलो. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "साहेब, ते तेवढं फिरवून ठेवता का?"

मी फिरवलं नाही. मग तो बोलायला लागला.

"हाताला कळतं, साहेब. पहिला नट सरळ जातो. समोरचा थोडा रडतो."

अशाच चाकांचा आणखी एक जोड त्याने मागच्याच आठवड्यात डोंबिवलीच्या एका गिऱ्हाइकाला बसवून दिला होता. नंबर त्याच्या मोबाइलमध्ये होता. मी फोन लावला, कोणी उचलेना. तिसऱ्यांदा एका बाईंनी उचलला. नवरा गाडी चालवतोय, सासूबाईंना घेऊन कळव्याला डॉक्टरांकडे चाललोय, म्हणाल्या. मी विचारलं, गाडी थरथरते का? त्या म्हणाल्या, "कालपासून. पण तुम्हाला कसं कळलं?"

मी त्यांना सांगितलं, ब्रेक दाबू नका, वेग उतरू द्या आणि कडेला थांबा. आम्ही पोचलो तेव्हा तिघंही गाडीपासून लांब उभी होती. हवालदार पुढच्या डाव्या चाकाजवळ बसले. दोन नट त्यांनी नुसत्या बोटांनी फिरवून काढले.

दुकानदारावर गुन्हा दाखल झाला. माझ्या वरिष्ठांनी कौतुक केलं. त्या संध्याकाळी मी पहिल्या अपघाताची फाइल काढली. तो तपासही माझाच होता. चाक धडकेने निखळलं असं धरून, चालकाची चूक आणि चालकच मयत, म्हणून प्रकरण बंद करावं असा अहवाल माझ्या सहीने गेला होता. त्याच फाइलमध्ये बँकवाल्या गृहस्थांच्या पत्नीचा जबाब होता. त्यात एक ओळ होती, चार दिवस ते म्हणत होते की स्टेअरिंग थरथरतंय. ती ओळ मीच लिहून घेतली होती. पुढचा प्रश्न विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी साध्या कपड्यांत वर्तकनगरला गेलो. बाईंनी दार उघडलं, आत बसवलं, सगळं ऐकून घेतलं. नवऱ्याच्या चुकीने झालं असं नातेवाइकांत बोललं जायचं, आणि त्याला माझा अहवाल पुरावा होता. त्या रडल्या नाहीत. फक्त विचारलं, "दोन मिलिमीटर म्हणजे केवढं?"

मी अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं. त्या फटीकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. मला हात खाली घेता येईना.

ते चाक दोन्ही वेळा उभं का राहिलं, हे मला कोणी समजावून सांगू शकलेलं नाही, आणि मी त्याचा शोधही सोडून दिला. मी शिकलो ते वेगळंच. मेलेल्या माणसाच्या नावावर चूक लिहिणं आमच्या कामात सगळ्यात सोपं असतं, कारण तो हरकत घेत नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत असा अहवाल समोर आला, की सही करण्याआधी मी मयताच्या घरी स्वतः जाऊन यायचो.