स्कूटर विकून घेतलेला सूड

“फ्लॉपी काढ! आधी ती फ्लॉपी बाहेर काढ!”

माझा साडू असा ओरडला की हुसेनसागरातल्या बुद्धानंही क्षणभर डोळे उघडले असतील. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. पुण्याहून सॉफ्टवेअर कंपनीत बदलून हैदराबादला आलेला, आणि उतरल्या दिवसापासून हे शहर आपल्या हाताखाली कामाला आहे अशा थाटात वावरणारा. त्याच्या बेगमपेठेतल्या फ्लॅटमध्ये एक अख्खी खोली कॉम्प्युटरला दिलेली. एसी कॉम्प्युटरला, पंखा माणसांना.

“कधीही ये, टाइप कर,” असं त्यानंच माझ्या बायकोला सांगितलं होतं. ती मला घेऊन गेली, कॉम्प्युटरशी बसली, पर्समधून फ्लॉपी काढून आत सरकवली, आणि हा ओरडला. मराठी मंडळाच्या ऑफिसातली फ्लॉपी म्हणजे व्हायरसची धर्मशाळा, असं त्याचं म्हणणं. तेवढ्यावर थांबता तर मीही विसरलो असतो. पण बाहेर त्याच्या ऑफिसातले दोघे बसले होते, त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं तो म्हणाला, “ही काय पिठाची गिरणी आहे? कुणीही दळणाचा डबा घेऊन यावं?”

बायकोनं फ्लॉपी पर्समध्ये ठेवली, समोरचा चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायली आणि उठली. मी मात्र बसून राहिलो. आणखी एक चहा मागितला, तोही संपवला, वर त्याच्या अकरा चकल्या खाल्ल्या. त्या घटकेला सुडाचं तेवढंच साधन हाताशी होतं.

आता तिचं काय अडलं होतं ते सांगतो. आमच्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक वर्षानुवर्षं अफझलगंजच्या एका छापखान्यात खिळे जुळवून निघायचा. तिथला मराठी जुळारी निवृत्त झाला आणि मालकानं हात जोडले. मंडळानं ठरवलं की अंक कॉम्प्युटरवर करायचा. बायकोला मराठी टायपिंग येत होतं, वेगही असा की टाइपरायटरच्या कळांना धाप लागावी. तिला सांगण्यात आलं, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी पानं तयार मिळाली तर अंक तुमचा, यंदाही आणि पुढेही. नाहीतर काम पुण्याला जाईल. लग्नानंतर प्रथमच तिच्या एकटीच्या नावावर काहीतरी येणार होतं, आणि ते साडूच्या एसीत गारठून मेलं होतं.

नल्लकुंट्याला घरी परतताना मी स्कूटरवरच शपथ घेतली की त्याच्यापेक्षा मोठा कॉम्प्युटर घरात आणीन. त्याच्यासारखा कंपनीचा, सीलबंद घ्यायचा तर मला घर विकावं लागलं असतं, आणि घर भाड्याचं होतं. तेव्हा सुटे भाग घेऊन जुळवायचा. बजेट होतं एक जुनी स्कूटर, आरसा आणि जादा चाकासकट. ती तिसऱ्या दिवशी विकली.

पण तो पितृपंधरवडा होता. आईनं निक्षून सांगितलं की या दिवसांत घरात नवी वस्तू येणार नाही. मी म्हटलं, वस्तू नाहीच ती, नुसते भाग आहेत. आईनं दुपारभर विचार केला आणि निकाल दिला, “सुटं असेल तोवर चालेल. झाकण लावलं की झाली वस्तू. झाकण दसऱ्याला.” सर्वोच्च न्यायालयानं इतका स्वच्छ निकाल दिल्याचं मला आठवत नाही.

कोठी बाजाराच्या मागच्या गल्लीत तेव्हा रेडिओ-टेपची दुकानं एकेक करत कॉम्प्युटरची होत होती. आयात मोकळी झाल्यापासून सिंगापूर, तैवान सगळं त्या सहा फुटी गल्लीत येऊन पडलं होतं. दुकानदार पांढऱ्या दाढीचा, सुरमा घातलेला, मितभाषी. पितरांचे दिवस, सकाळपासून गिऱ्हाईक नाही, म्हणून त्यानं मला खुर्ची दिली आणि विचारलं,

“दिखाने का है साब, या चलाने का?”

मी म्हटलं, दिखाने का. अगदी खरं बोललो.

त्यानं सुस्कारा सोडला. मग मला उद्देश आणि दुश्मन दोन्ही सांगावे लागले. तो शांतपणे म्हणाला की मराठीची पानं जुळवायची तर मेमरी भरपूर घ्या, मॉनिटर बरा घ्या, बाकी सोडा. मी ऐकतोय कशाला? साडूच्या कॉम्प्युटरला सीडी ड्राइव्ह नव्हता, म्हणून मला तो हवा. त्याच्याकडे आवाज नव्हता, म्हणून साउंड कार्ड हवं, आणि स्पीकर असे दणदणीत हवेत की चारमिनारचे मिनार हलावेत. म्हातारा दर वेळी “नक्को साब” म्हणायचा आणि दर वेळी माल काढून ठेवायचा. स्कूटरचं इंजिन हार्ड डिस्कमध्ये गेलं, दोन्ही चाकं मदरबोर्ड आणि प्रोसेसरमध्ये, सीट आणि हँडल आवाजात. मेमरीची पाळी आली तेव्हा नुसता हॉर्न उरला होता. साडूकडे सोळा एमबी. मी आठ घेतली. आतली मेमरी कोण बघतो?

घरी उघड्या सांगाड्यात सगळं जोडलं. फुकट मिळालेल्या सीडीवर एक वाघ होता. त्याची डरकाळी लावली तर खालच्या मजल्यावरचं दूध उतू गेलं आणि घरमालक पायजम्याची नाडी धरून वर आला. माझा बेत ठरला. दसऱ्याला साडूला सहकुटुंब जेवायला बोलवायचं, त्याची खुर्ची दोन स्पीकरच्या बरोबर मधे मांडायची, आणि श्रीखंड तोंडात असताना वाघ सोडायचा. हे चित्र मी ऑफिसात फायलींच्या मागे बसून रोज रंगवत होतो. कधी त्याचा चष्मा उडायचा, कधी वाटी.

इकडे बायको टाइप करत होती. एक ओळ टाइप करून ती आमटीला फोडणी देऊन यायची, तेव्हा कुठे अक्षरं पडद्यावर येऊन टेकलेली असायची. पान वर सरकवायचं तर भात शिजायचा. नवरात्र बसलं तेव्हा तिची सोळा पानं झाली होती, आणि अंक शंभराच्या वर. ती एकदा म्हणाली की हे दसऱ्यापर्यंत होत नाही. मी म्हटलं, नवीन आहे, बुजतंय. त्यानंतर ती काही बोलली नाही, आणि मी त्याचा अर्थ पटलं असा घेतला.

दसऱ्याला सकाळी झाकण बसलं. आईनं हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. दोन्ही स्पीकरवर बायकोनं भरतकामाचे रुमाल घातले होते. सणाची शोभा म्हणून मला कौतुक वाटलं.

साडू आला, ठरल्या खुर्चीत बसला, श्रीखंड घेतलं. मी म्हटलं, साडूभाऊ, आता ऐका, आणि जादूगारासारखे दोन्ही रुमाल ओढले. खाली वनस्पती तुपाचे दोन रिकामे डबे. माळ सारून सीडीसाठी बटण शोधलं, तर ड्राइव्हच्या जागी प्लास्टिकची कोरी पट्टी.

साडू हसला. असा हसला की आईनं त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या. “गिरणी छान आहे,” तो म्हणाला, “डबे आहेतच.” पायाखालची जमीन दुभंगावी, असं मला पहिल्यांदाच मनापासून वाटलं.

बायकोनं हात धुतले, पदराला पुसले आणि टेबलाशी बसली. अंक उघडला. पानं सरसर पळायला लागली, चित्रांसकट, चौकटींसकट, पत्त्यांच्या जोडासारखी. साडूचं हसणं मधेच आटलं. त्यानं चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली.

“मेमरी किती?”

“बत्तीस, भावजी. स्पीकर आणि सीडी ड्राइव्ह देऊन कोठीला बदलून आणली. पट्ट्या जोडीनं लावाव्या लागतात.”

तो म्हणाला की त्याचा कॉम्प्युटर उघडताच येत नाही, सील तुटलं की वॉरंटी गेली. आणखी थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, तिला हळूच विचारलं की त्या गल्लीत ती कधी बरोबर येईल का. अंक झाल्यावर बघू, म्हणाली. त्यानं मान खाली घातली. मी ती मान डोळे भरून पाहिली आणि दुसऱ्यांदा श्रीखंड घेतलं.

ते लोक जिना उतरताच मी तिच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो. तुपाच्या डब्यांचा राग आला होता, पण विजय त्याहून मोठा होता. म्हटलं, बत्तीस म्हणालीस तेव्हा त्याचा चेहरा बघितलास का?

“नाही,” ती म्हणाली. “मी अनुक्रमणिका जुळवत होते.”