वेगळं गाठोडं
पेटीतून डांबरगोळ्यांचा वास आला की एकाहत्तर साल आठवतं आणि डोकं तापतं. पूर्व बंगालात लढाई पेटली होती. मंगरूळपीरजवळच्या आमच्या गावच्या शाळेत तिथल्या लोकांसाठी कपडे जमत होते आणि यादी माझ्याकडे होती. आईनं तिचं एकुलतं कोरं लुगडं आणून दिलं. गुरुजी मला म्हणाले, “तुमच्या बौद्धपुऱ्यातले कपडे येगळ्या गाठोड्यात बांध. घेणाऱ्याले इटाळ नोको.” परत निघालेली आई दारातच थबकली. “जीव घेऊन पळून राह्यले ते, गुर्जी. लुगडं नेसताना जात इचारतीन काय?” म्हणत तिनं गावचं बांधलेलं गाठोडं सोडून आमच्या पुऱ्यातले कपडे त्यात कालवले. “निवडा आता.” गुरुजींचा राग येतोच, पण आज त्याहून जास्त माझा येतो. आई बोलत होती तेव्हा मी वहीत वेगळ्या यादीसाठी रेघ आखत होते.