जांभूळटेपची पाळी

उपक्रमाच्या साहेबांनी जांभूळटेपच्या लोकांना फसवलं. त्यांच्याकडून पाच शाळांची कामं करून घेतली आणि त्यांची स्वतःची पाळी आली तेव्हा उपक्रम संपल्याचा निरोप धाडला. हे मी दुकानात बसून ऐकीव लिहीत नाही. ठरलेल्या शनिवारी मी तिथं जाऊन आलो. त्या जाण्यायेण्याची ही हकिगत.

मी राहतो किकवीत. हार्डवेअरचं दुकान कापूरहोळच्या फाट्यावर. त्याच फाट्यावर एके काळी ट्रक रिकामे करायचो, त्यामुळे शब्द देणं आणि शब्द पाळणं यातला फरक मला पाठीवर शिकायला मिळाला. किकवीच्या ग्रामशिक्षण समितीचा मी अध्यक्ष. भोर-वेल्ह्याच्या सहा शाळा एकत्र घेऊन कृतिसंशोधन करायचं शिक्षण खात्यातल्या या साहेबांनी ठरवलं तेव्हा आम्हाला त्या शब्दाचीच धास्ती वाटली होती. अर्थ मात्र साधा निघाला. आपल्या शाळेची अडचण आपणच हुडकायची, तिच्यावर एखादा उपाय करून बघायचा आणि मग सगळ्यांनी गोल बसून काय साधलं, काय फसलं ते बोलायचं.

सहाही शाळांतले शिक्षक एकच गोष्ट बोलले. एकटं पडतो, उमेद राहत नाही. त्यावर उपाय किकवीच्या शेख बाईंनी सुचवला: इर्जिक (सगळ्यांनी मिळून एकाचं शेत उरकायचं, ज्याचं शेत त्यानं जेवण घालायचं, मग पुढच्याच्या शेतावर जायचं). शेताऐवजी शाळा. एका शनिवारी सहाही शाळांचे शिक्षक, मुलं आणि आईबाप एका शाळेत जमायचे. भिंती सारवायच्या, कौलं चाळायची, मुलांना मिसळून शिकवायचं, एकत्र जेवायचं आणि शेवटी गोल बसायचं.

जांभूळटेप भाटघर धरणाच्या पाण्यापलीकडं, वेल्ह्याच्या हद्दीला टेकलेलं. त्यांची अडचण तिथल्या धोंडाबाईंनी सांगितली होती. "आमच्या शाळंला कुनी येत न्हाई. पोरं परका माणूस बघितला की मुकी व्हत्यात." पाळी ठरवायला मी गेलो होतो. त्या म्हणाल्या, "आदी तुमचं उरका. आमचं शेवटी. लांबच्यानं शेवटी घ्यावं." मी शब्द दिला. ते लोक पाचही शाळांना आले. लाँच, एसटी, पुढं चालत, पोरं कडेवर घेऊन आले.

आणि त्यांच्या शनिवारच्या आदल्या दिवशी मला साहेबांचा निरोप मिळाला.

पहाटे मी टेम्पोत कळीचा चुना, ब्रश आणि दोन घमेली भरली. थंडी होती. फाट्यावरच्या ढाब्यात नुकती चूल पेटत होती. चहा घेतला, वडा मात्र कागदात बांधून घेतला. जांभूळटेपला तो निरोप पोचला असेल का? पोचला असेल तर मी कुठल्या तोंडानं जातोय? आणि पोचला नसेल तर ते लोक आत्ता भात शिजवत असतील. दुसरा विचार जास्त वाईट होता. भाटघरचा फाटा मागं पडला तेव्हा धरणावर धुकं इतकं दाट होतं, की पाणी कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं.

भोरमध्ये साहेब घरी सापडले. अंगणात दात घासत होते.

"अहो, शनिवारी सकाळी?" ते म्हणाले.

"आज जांभूळटेप आहे."

"निरोप मिळाला नाही का? मुदत संपली. शिवाय लाँचमधून मुलं न्यायची म्हणजे जोखीम. उद्या काही झालं तर उत्तर कोण देणार?"

"त्यांची मुलं त्याच लाँचमधून पाच वेळा आली. तेव्हा जोखीम नव्हती?"

साहेबांनी चूळ भरली. "हे बघा, पाच शाळा झाल्या. संशोधनाला तेवढा नमुना पुरेसा असतो."

माझा आवाज चढला. "साहेब, गिऱ्हाइकानं सहा दारांच्या कड्या मागितल्या आणि मी पाच दिल्या, तर नमुना पुरेसा म्हणू का? सहाव्या दारानं चोर शिरेल."

"तुम्ही व्यापारी माणूस. यातलं तुम्हाला कळायचं नाही."

मी आणखी बोललो. काय बोललो ते इथं छापण्यासारखं नाही. शेजारच्या बाई पाणी भरायचं थांबवून बघत होत्या. बाहेर आलो तर टेम्पोजवळ शेख बाई उभ्या. त्यांचं माहेर-सासर दोन्ही भोरातच, त्यामुळे गल्लीतला आवाज त्यांच्यापर्यंत पोचला असणार.

"अध्यक्ष, तुमचं ओरडणं राजवाड्यापर्यंत गेलं," त्या म्हणाल्या. हातात डबा होता.

"तुम्हाला निरोप नाही मिळाला?"

"मिळाला. सुट्टीच्या दिवशी मी कुठं फिरायला जावं याचा निरोप अजून कुणी काढलेला नाही. आज मी सुट्टी टाकलीय. चला."

"बाकीचे?"

"सगळ्यांना सांगून बघितलं. कुणी हो म्हणत नाही, कुणी नाही म्हणत नाही. साहेबांच्या हातात गोपनीय शेरा आहे, अध्यक्ष. पण दोघं-तिघं येतील असं वाटतं."

त्या वाटण्यावर आम्ही पुढं निघालो. रस्ता धरणाच्या कडेकडेनं जातो. खाचरं कापून झाली होती, खळ्यांवर पेंढ्या रचल्या होत्या. धुकं उठलं तशी राजगडाची मागची बाजू दिसायला लागली. एरवी मी टेम्पो थांबवून बघत बसलो असतो. त्या दिवशी मी आरशातच बघत होतो, मागून एखादी मोटारसायकल येते का.

धक्क्यावर लाँच होती. लाँचवाले दगडूमामा म्हणजे पाण्यातला माझाच अवतार, घासाघीस केल्याशिवाय दोर सोडत नाहीत.

"चुना न्हाई नेनार," ते म्हणाले.

"का?"

"पानी लागलं की पेटतो."

"मी ताडपत्रीत बांधलाय. आणि मामा, आम्हाला सोडून परत इकडं यायचं. मागून लोक येणार आहेत."

"किती?"

"येतील तेवढे."

"येतील तेवढं म्हंजे किती, शेट? सिमेट इकताना असंच मोजता का?"

शेवटी चुना माझ्या जबाबदारीवर, माघारी एक फेरी आणि दुपारपर्यंत थांबणं, असं ठरलं. बदल्यात लाँचच्या टपाला रंग मी देणार. वाईट सौदा नव्हता. पण निम्म्या पाण्यात वारा सुटला, तुषार आत यायला लागले आणि ताडपत्रीच्या फाटक्या कोपऱ्यातून पाणी एका पोत्यात गेलं. पोतं आधी उबलं, मग आतून खदखदल्यासारखा आवाज आला आणि वाफ निघाली. शेख बाई उठून उभ्या राहिल्या.

"बसा बाई, लाँच हलंल," दगडूमामा म्हणाले. मग माझ्याकडं बघून, "शेट, तुमच्यागत तापतोय की ह्यो."

दोघांनी वल्ह्यानं ढकलून ते पोतं पाण्यात सोडलं. फसफसत, पाणी पांढरं करत ते खाली गेलं. एक भिंत गेली, एवढंच माझ्या मनात आलं.

पलीकडच्या काठावर मुलं ओळीनं उभी होती. केसांना तेल, धुतलेले कपडे. निरोप पोचला नव्हता. वस्तीच्या मागच्या उतारावरून चुलींचा धूर वर चढत होता. जांभूळटेपचे एकटे शिक्षक, सुतार गुरुजी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून लाँच धरायला पाण्यात उतरले. मुलं माझ्याकडं बघत नव्हती. माझ्या मागं, लाँचमध्ये बघत होती.

धोंडाबाई पुढं आल्या. "या दादा. या बाई. बाकीची मागनं येत्यात व्हय?"

"लाँच परत चाललीय," मी म्हणालो. खोटं नव्हतं, पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तरही नव्हतं. दुकानात अशी वाक्यं मी रोज वापरतो. तिथं मी मान वळवून घमेली उतरवायला लागलो.

शाळेची एकच खोली, पुढं पडवी. आम्ही चुना भिजवला आणि कामाला लागलो. वस्तीची माणसं जास्त, चुना कमी. शेख बाईंनी मुलांना पडवीत घेतलं, त्यांना खेळातून बेरजा घालत होत्या. मुलं बोटांनी उत्तरं दाखवत होती, तोंडानं एकही नाही. चौथीतली मंदा नावाची मुलगी मला आठवत होती. किकवीच्या शाळेत ती सबंध दिवस खांबामागं उभी होती. मी शिडीवर होतो. ब्रश भिंतीवर आणि नजर पाण्यावर. लाँच पलीकडं पोचली. तिथं बराच वेळ थांबली. मग निघाली.

मुलांना ती माझ्याआधी दिसली. सगळी काठाकडं पळाली. मीही शिडीवरून उतरून त्यांच्यामागं गेलो.

लाँचमधून एक म्हातारा, त्याची दोन शेरडं आणि कांद्याचं पोतं उतरलं. दगडूमामा माझ्याकडं न बघता म्हणाले, "लई वाट बघितली शेट. रस्त्यावर धुरळासुदिक न्हाई उटला."

धोंडाबाईंनी पाण्याकडं एकदा बघितलं आणि पदर खोचला. "चला, पानं मांडा."

तांदळाच्या भाकरी, पावट्याची आमटी, नव्या तांदळाचा भात. सगळं सहा शाळांना पुरेल असं. पंगत या टोकापासून त्या टोकापर्यंत मांडली होती आणि निम्म्या पत्रावळ्यांसमोर माणूस नव्हतं. मी एक पत्रावळ उचलायला गेलो.

"ऱ्हाऊ द्या दादा. इर्जिकीचं पान उचलत न्हाईत. मांडलं ते मांडलं."

"मावशी, मला काल कळलं होतं," मी म्हणालो. "साहेबांनी बंद केलं."

"मग तुमी का आला?"

"शब्द दिला होता."

"तुमी दिला व्हता. त्यांनी न्हाई का?" त्यांनी माझ्या पानात भात वाढला. "जेवा. अन्नावर राग काडू नका."

आयुष्यात मी पुष्कळांचं खाल्लं, पुष्कळांना खाऊ घातलं. तो भात मात्र गिळताना मला घाम आला.

जेवणानंतर मी निघायच्या तयारीत होतो. शेख बाई म्हणाल्या, "अध्यक्ष, बैठक राहिलीय. तिच्याशिवाय हे नुसतं जेवण झालं." ओल्या चुन्याच्या वासात सगळे गोल बसले. बाईंनी नेहमीचेच प्रश्न विचारले. काय ठरवलं होतं? काय झालं? का झालं?

सुतार गुरुजी जमिनीवर काडीनं रेघा ओढत होते. मग मंदा उठली. दोन परकी माणसं समोर असताना ती उठली, हे आधी गुरुजींच्या लक्षात आलं. त्यांच्या हातातली काडी थांबली.

"आमी सगळ्यांच्या शाळंत गेलो," ती म्हणाली. "ती आमच्या शाळंत का आली न्हाईत?"

एवढंच बोलून ती बसली नाही. उभी राहिली, उत्तराची वाट बघत. शेख बाईंनी माझ्याकडं बघितलं. मुदत, जोखीम, नमुना, सगळे शब्द माझ्याजवळ होते. एकही त्या मुलीसमोर ठेवण्याच्या लायकीचा नव्हता.

"मी विचारून सांगतो," मी म्हणालो.

परतीच्या लाँचमधून शाळेची समोरची भिंत पांढरी आणि बाजूची मातकट, अशी लांबून बराच वेळ दिसत राहिली. किकवीला पोचल्यावर मी बाकीच्या शिक्षकांच्या घरी गेलो. एकानं तब्येतीचं सांगितलं, एकानं पाहुण्यांचं, एकानं सरळ साहेबांचं. नंतर कळलं, की उपक्रम सहाही शाळांत यशस्वी झाला म्हणून साहेबांना शाल-श्रीफळ मिळालं. शिक्षकांची उमेद वाढली असंही कुणी भाषणात म्हणालं. पाच शाळांत ती वाढली, हे मीही नाकारत नाही. किकवीची मुलं आता मधल्या सुट्टीनंतर पळून जात नाहीत. पण इर्जिकीत ज्याचं शेत शेवटी राहतं, त्यालाच सोडून दिलं तर पुढच्या वर्षी कुणी कुणाच्या बांधावर पाय ठेवत नाही. सौदा न कळणाऱ्यालाही एवढं कळतं.

म्हणून साहेब, आपल्याला हे जाहीर विचारणं. संशोधनाची शेवटची पायरी गोल बसून बोलण्याची, असं तुम्हीच आम्हाला शिकवलं. ती बैठक अजून उठलेली नाही. माझं समाधान करायला दुकानात येऊ नका, मी तुम्हाला चहा विचारणार नाही. ती शाल खांद्यावर घेऊनच लाँच पकडा, जांभूळटेपच्या पडवीत मांडी घालून बसा आणि मंदाला उत्तर द्या. दगडूमामांच्या टपाला मी रंग दिलाय. ते थांबायला तयार आहेत. तुम्ही कधी येताय, तेवढं कळवा.